पाव फेरा

रविवारी सकाळी, पोहे परतायच्या आधी,
शर्वाणी खिडकीशी उजेडात बसते
आणि तळहातावर काढून ठेवते आपली दुसरी टाळू:
पोपटी रंगाची, चमकी घातलेली, तारांचे चार पाय असलेली.
रंग तिनं निवडला. मी गुलाबी म्हणालो होतो,
तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मधोमध बारीक स्क्रू. त्यात किल्ली घालायची,
बाणाच्या दिशेनं ढकलायची. पाव फेरा.
केसाएवढं सरकतं, डॉक्टर सोगानी म्हणाल्या होत्या,
आठवड्याला तेवढं पुष्कळ.
हाडाला कळता कामा नये
की कुणी ढकलतंय.

वरचे दोन दात खालच्यांच्या मागे उगवले तिचे.
दार चौकटीच्या आतच अडकावं, तसे.
आठ वर्षांची आहे, आत्ताच करून घ्या,
पुढे हाड ऐकत नाही.
हे सांगताना त्यांनी माझ्या जबड्याकडे एकदाच पाहिलं
आणि मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं.
मी तोंड मिटून घेतलं.
बेचाळीस वर्षं असंच मिटतोय, खालचा ओठ पुढे.
शाळेत पोरं मला 'दराज' म्हणायची.
खुला दराज.

पहिल्या आठवड्यात नुसती लाळ.
साखरेची थाखर झाली, चहाचा छहा,
आणि ळ तर गेलाच.
तसा तो आमच्या घरी आधीपासूनच पाहुणा.
इंदुरात वाढलेली पोर, शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी.
ती 'केलं' म्हणाली की विचारावं लागे,
काय केलंस, का काय खाल्लंस?

खाताना काढायची, डब्यात ठेवायची.
डबा तिथंच होता. निळा, रिकामा.
प्लेट जिलबीच्या कागदात गुंडाळली गेली,
कागद बादलीत, बादली गाडीत,
आणि गाडी आपलं गाणं वाजवत वळली पुढच्या गल्लीत.
मी बनियनवर धावलो, एका पायात तिची चप्पल.
'गीला या सूखा?' गाडीवरच्या रामकन्याबाईंनी विचारलं.
मला उत्तर येईना.
तोंडातली वस्तू. ओलीही नाही, सुकीही नाही.
त्यांनी हातमोजा घातलेला हात कोपरापर्यंत आत घातला,
चहाची पत्ती, भुट्ट्याची सालं, कुणाचा तरी गजरा,
आणि मग तो पोपटी तुकडा उन्हात धरून म्हणाल्या,
'भैया, ये तो किसी का मुँह है।'
पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या, गरम पानी में मत धोना,
टेढ़ा हो जाएगा।
कसं माहीत, ते विचारायचं राहिलं.

त्या रात्री शर्वाणी प्लेट लावून झोपली
आणि मी अंधारात ऐकत बसलो
ती झोपेत तारांशी जीभ घासते, तो आवाज.
काहीतरी कुरतडत होती, हळूहळू.
माझ्याकडून आलेलं काहीतरी.

थंडी सरत आली. कॅलेंडरवर एकोणीस फुल्या झाल्या.
तिनं पेरू चावला आणि माझ्यापुढे धरला.
बघ ना.
वरच्या दातांची खूण पुढे होती,
जराशीच, पण पुढे.
मी त्याच पेरूला दुसऱ्या बाजूनं चावलो.
तिनं फळ फिरवून फिरवून पाहिलं,
एकदा इकडून, एकदा तिकडून, दुकानदारासारखं,
मग टेबलावरची किल्ली उचलली.
'तुझा पण फिरवू?'
'माझा आता नाही फिरत गं.'

'कळलं,' ती म्हणाली.

ळ टाळूला लागला होता,
नीट, जरा जास्तच जोरात,
रिकाम्या खोलीत पाय आपटून बघावा तसा.
डॉक्टरांनी त्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.
तिचं लक्षही नव्हतं. ती डबा शोधत होती.

उरलेला पेरू मी संपवला,
बियांसकट.