उलटं स्वस्तिक

खजराण्याच्या गणपतीमागची भिंत.
मागणं मागायचं ते उलट्या स्वस्तिकानं,
फळलं की येऊन सरळ करायचं.

माझं मागच्या श्रावणातलं अजून उलटंच.
म्हणजे, असेल.
सरळ झाली ती फक्त
एमवायच्या तिसऱ्या मजल्यावर
मॉनिटरवरची रेघ.

मग सात महिने या रस्त्याला आले नाही.
दिवसा बँक, रात्री छताला डोळे.
"देवाचं नाव घे गं," म्हणायच्या नीलूवन्सं.
घेतलं. शिवी द्यावी तसं.

आज आले ती भांडायलाच.
नाव तुझंच होतं रे त्याचं, हेरंब.
तर भिंत पुसून काढलेली,
वर नव्या शेंदराची गर्दी,
माझं कुठलं ते ओळखूच येईना.
अडलेल्यांचं अक्षर सगळं एकाच वळणाचं.

शेजारी एक म्हातारी, टाचा उंचावून:
"बई, म्हारो हाथ नी पोंचे. तू मांड दे."
कशासाठी, मी विचारलं नाही.
तिनंही सांगितलं नाही.
बोट बुडवलं, उलट्या रेघा ओढल्या,
आणि तोंडातून निघून गेलं,
हिचं तरी होऊ दे रे.

रात्री कणीक मळायला घेतली
तर नखात शेंदूर.
परात तशीच बाजूला ठेवून
बघत बसले.