समासात

कंपूच्या टर्फवर पाणी मारून झालंय.
माझ्या वहीत शितोळ्यांची ऊर्वी : गोल एकोणीस.
त्यातले चौदा नग्माच्या पासवर.
निवड समितीत हसतात, म्हणतात,
नग्मा शेजारी असली तर
गोलपोस्टसुद्धा गोल करेल.

आज नग्माचा घोटा सुजलाय.
बर्फाची पिशवी धरून ती बाकावर.
ऊर्वीचा भोपळा.

पण तीनदा पाहिलं मी,
डीच्या डाव्या कोपऱ्यात
ती आधीच पोचली, वाकली,
स्टिक जमिनीला टेकवून थांबली.
चेंडू आलाच नाही.

बाकावरून नग्मा ओरडली,
"अरे, उसको दो ना!"

न आलेल्या चेंडूला
या वहीत रकाना नाही.
समासात लिहिलं, पेन्सिलीनं.
पुढचं अक्षर माझं मलाच लागेना,
मोरारची बस सुटत होती.