उष्णता जाते कुठं

इन्सब्रुकला फ्योन वारा सुटला की
माणसांची डोकी दुखतात
आणि लेझरचंही काहीतरी बिनसतं.
तळघरात कोरबिनियान रात्रभर बसलेला.
दोन आरशांमधल्या बोटभर जागेत
त्याचे रुबिडियमचे अणू,
हजारभर असतील, किंवा नसतीलही.

आरसे समोरासमोर.
प्रकाश एकावर आपटतो, दुसऱ्यावर आपटतो,
लाखभर येरझाऱ्या,
बोलून संपलेली गोष्ट
घरात पुन्हा पुन्हा निघावी तशा.
आणि सुटतो तेव्हा
आला होता त्याहून किंचित निळा,
अणूच्या अंगातली चुळबुळ
चिमूटभर घेऊन.

फुंकरच ही.
पण दिव्यानं घातलेली,
आणि दिवा तर फुंकरीनं विझायचा असतो.

वडील फुल्पमेसला लोहार.
तापलं लोखंड पाण्यात बुडवलं की चर्र,
त्यांच्या लेखी गार होणं एवढंच.
फोनवर विचारतात, "झाले का रे गार?"
"एका अंशाच्या लाखाव्या भागावर आलोय."
"मग आता घरी जा की."

पावणेचारला सेनिया येते.
फरशी पुसायचं यंत्र जिन्याखालीच ठेवते.
ते सुरू केलं की आरसे थरथरतात,
गेल्या हिवाळ्यात एक अख्खी रात्र त्यात गेली.
तेव्हापासून ती आधी दारात कान देऊन उभी राहते.
मोजयंत्राला त्यानं जुना स्पीकर जोडलाय;
बाहेर पडलेला प्रकाशाचा कण म्हणजे एक टिक.
टिक. टिकटिक.
बराच वेळ काही नाही.
टिक.

"पण उष्णता जाते कुठं?"
तिच्या बोस्नियन वळणाच्या जर्मनमध्ये तिनं विचारलं.
त्याच्या तोंडाशी एक समीकरण आलं होतं,
ते त्यानं गिळलं
आणि स्पीकरकडे बोट दाखवलं.

ती जवळ गेली. रबरी हातमोजे काढले.
साबणानं भेगाळलेले तळवे
शेगडीपुढे धरावेत तसे
स्पीकरपुढे धरले.

"लागतंय काही?" त्यानं हसत विचारलं.
"श्श," ती म्हणाली. "मोजतेय."

सतरापर्यंत मोजलं.
मग वरच्या रस्त्यावरून पहाटेची पहिली ट्राम गेली
आणि स्पीकर गप्प झाला.

त्यानं डोळे चोळले, खुर्ची पुढे ओढली.
ती यंत्र आणायला गेली:
आता फरशी पुसली तरी चालणार होतं.