खालची जागा

कामठी रोडच्या कबाड्याने ती मला किलोवर विकली,
टायर वजा करून.
क्रेनवाल्याने मानेवाड्यात आणून गेटाशी सोडली
तेव्हा शेजारचे निखाडे म्हणाले,
"मॅडम, कोंबड्या पाळता का?"

सर्वेच्या खात्यातली जुनी मॅटाडोर.
मागे एक बंक, भिंतीला दुमडणारं टेबल,
पितळी नळाचं बेसिन, स्टोव्हपुरता कोनाडा,
आणि दारावर रंगवलेल्या 'भारत सरकार'मधलं
उरलं होतं फक्त
'सरका'.

बाबांनी सोळा वर्षं चालवली.
हीच का? ते म्हणतात, हीच,
क्लचच्या पेडलची डावी कड माझ्याच पायानं झिजली.
चेसिस नंबर मी ताडून पाहिला नाही.

मे महिन्यात पत्रा हाताला चावतो.
म्हणून पहाटे पाच ते साडेसात,
मग कूलरसमोर, ओल्या वाळ्याच्या वासात,
नखांतला तांबडेपणा काढत बसायचं
आणि अकराला आयटीआयवर, वेल्डिंगच्या पोरांसमोर.
त्यांना सांगते, आधी वाजवून बघा.
चांगला पत्रा उलट उत्तर देतो.
सडलेला नुसता हो म्हणतो.
ही गाडी कमरेखाली सगळीकडे हो म्हणत होती.

लोकांना वाटतं गंज बाहेरून येतो.
तो शिवणीतून येतो,
जिथे दोन पत्रे एकमेकांवर चढवून
कुणीतरी पाच वाजायच्या घाईत टाके मारले असतात.

इतवारीतल्या लोहा ओळीतून अठरा गेजचा पत्रा आणला,
रिक्षात उभा धरून, वाऱ्याशी भांडत.
तारेचा ब्रश, ऐंशी नंबरचा पेपर,
रेड ऑक्साइडचे दोन हात.
बाबा खुर्चीवरून बघायचे.
एकोणऐंशी वर्षांचे; कान गेले,
तरी ग्राइंडर चुकीच्या कोनात लागला की
काठी आपटायचे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघाली
तोवर गोणीभर गंज झाडून ठेवला होता.
"दे पाठवून तिच्यासंगं," बाबा म्हणाले.
गल्लीतल्या पोरांनी तेवढ्यावर ताल धरला,
जंग घेऊन जाय गे मारबत!
गोणी दुसऱ्या दिवशी घंटागाडीत गेली.

दिवाळीला आठ दिवस होते.
बंकवर नवा फोम, हिरवं रेक्झिन,
वर आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी.
म्हटलं, बाबा, आज इथेच झोपा,
तुमची जुनी जागा.
ते चढले, बसले, हाताने दाबून पाहिलं,
पाव्हण्याच्या घरी बसावं तसे
काठावरच.

अडीचला जाग आली.
बंकवर कुणी नाही, गोधडीची घडी तशीच.
गाडीखाली टॉर्चचा उजेड.

चटईवर उताणे बाबा,
माझी वेल्डिंग नखाने तपासत.
"वर झोप नाई लागली?"
"वर मी कवा झोपलो?
वर साहेब. मी इथं.
पानी आलं तं टायराला पाठ लावून.
मलाजखंडला एकदा अस्वल आलं,
बुटाचा वास घेऊन गेलं बिचारं."

सोळा वर्षं घरी आले की
ते त्या बंकचं कौतुक सांगायचे,
किती मऊ, किती रुंद, खिडकीतून चांदणं कसं येतं.
आम्ही दोघी बहिणी त्यावर भांडायचो,
त्यात कोण झोपणार म्हणून.

"हा टाका कच्चा हाय," ते म्हणाले,
आणि प्रकाश दुसरीकडे वळवला.

मग चटईवर थोडे सरकले.
मी आत शिरले, आडवी झाले.
डोक्यावर हातभर अंतरावर माझंच काम,
खालून पाहिलेलं पहिल्यांदाच.
डिफरन्शलमधून एक थेंब सुटला,
दोघांच्या मधोमध पडला.
"गॅस्केट," बाबा म्हणाले.
"उद्या पाहू," मी म्हटलं.
ऐकू आलं नसावं.