झडती

वडील नोट प्रेसमधून सुटायचे
तेव्हा दारात त्यांची झडती व्हायची.
बत्तीस वर्षं, रोज.
डबा उघडायचा, टोपी उलटी करायची,
चपला काढून हातात.
झडती घेणारे शेवरेकाका आमच्याच गल्लीतले,
सकाळी आमच्याकडून विरजण नेलेले.
मी एकदा चिडून विचारलं, लाज नाही वाटत?
म्हणाले, झडती माझी नसते गं.
नोटेची अब्रू असते ती.

मी नऊ वर्षांची होते
आणि मला लाल सायकल हवी होती.
अब्रू कळली नाही.

आता जेल रोडला, दुसऱ्या मजल्यावर,
मी वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर लिहिते.
दोनशे बारा काटे. पिंपळगाव, सिन्नर, मनमाड, वणी.
ट्रक चढतो, आकडा थरथरतो,
थरथरतो, थांबतो,
आणि त्या आकड्यावर
कुणाची तरी संध्याकाळ ठरते.

आधी मी स्वतः जायचे. एसटीने, पर्समध्ये सीडी,
सीडीला रुमाल गुंडाळलेला.
सुरगाण्याच्या काट्यावर जिजा गावित
आधी कोरा चहा द्यायची,
मग कॉम्प्युटरवरची धूळ पुसायची पदराने,
पाहुण्यासमोर पोराचं नाक पुसावं तशी.

आता मी कुठेच जात नाही.
रात्री दोननंतर, काटे रिकामे असताना,
प्रत्येक यंत्र आपणहून विचारतं:
नवीन काही?
असलं तर तुकड्या-तुकड्यानं उतरवतं.
घोटीला रेंज गेली
तर जिथं थांबलं तिथून पुढे.
सगळं आलं, की उघडण्याआधी
सही तपासतं.
एक अक्षर जरी वाटेत कुणी हलवलं असेल
तर टाकून देतं,
जुन्यावरच सकाळ काढतं,
तक्रार न करता.

सहीची किल्ली
वडिलांच्या जेवणाच्या डब्यात आहे.
खालच्या पुडात. जिथं पोळ्या असायच्या.
ती इंटरनेटला कधी लागत नाही,
सहीपुरती बाहेर येते,
पुन्हा आत.

गेल्या मंगळवारी मला ताप होता.
मनमाडला टनाच्या जागी क्विंटल छापलं जात होतं.
तेवढी एक ओळ नीट केली
आणि डबा उघडायचा कंटाळा म्हणून
सरावाच्या किल्लीनं सही ठोकली.
पाठवलं.

पिंपळगाव: नाकारलं.
सिन्नर: नाकारलं.
वणी, ओझर, घोटी. नाकारलं, नाकारलं.
पडदा भरत गेला.
मी एकटीच ओरडले,
अरे मीच आहे! मीच लिहिलंय तुम्हाला!

दोनशे अकरा दारं
आणि प्रत्येक दारात एक शेवरेकाका,
विरजण विसरलेले.

वडील उठून आले, भिंत धरत.
काय झालं?
परत पाठवलं मला. सगळ्यांनी.
ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले.
इंग्रजी त्यांना येतं, पण चष्मा नव्हता.
म्हणाले, चपला काढल्या होत्यास का?

मग स्वतःच आत जाऊन
डबा घेऊन आले.
झाकण त्यांनीच उघडलं. त्याला त्यांचीच सवय आहे,
माझ्या हातानं अडकतं.

चार वाजून दहा मिनिटांनी पिंपळगावनं घेतलं.
पाचपर्यंत मनमाडनंही.
ताप उतरला नव्हता, पण घाम आला.

एकटं सुरगाणं गप्प होतं. रात्रभर.
आठला जिजाचा फोन:
ताई, लाईट नव्हती. आता आलीय.
कॉम्प्युटर म्हणतोय नवीन काहीतरी आलंय.
घेऊ का?

सही कुणाची दाखवतोय?

वाचत होती ती. एकेक अक्षर.
मागे ट्रकवाला हॉर्न देत होता,
आणि तिला काही घाई नव्हती.