रकाना क्रमांक सहा

‘सेवामुक्तीचा शेरा का बदलावा, ते थोडक्यात लिहा.’
खाली साडेचार ओळी. मोजल्या मी.
पाचवी छापता छापता कागद संपला असावा.

माजी सैनिकांच्या ऑफिसातला ड्वेन म्हणतो,
निळी शाई नको, रडगाणं नको, तारखा हव्यात.
तारखा आहेत माझ्याकडे.

अर्जदार: जोलीन ह्रुस्का, नेब्रास्का.
काम: ट्रक चालवणं, कुवेतच्या हद्दीपासून वर उत्तरेला.
पाण्याच्या बाटल्या, डिझेल,
एकदा नुसत्या प्लास्टिकच्या खुर्च्या, चारशे.
नियम एकच, पहिल्याच दिवशी घोटून घेतलेला:
ताफा थांबत नाही.
टायर फुटला तरी नाही, रस्त्यात कोणी आलं तरी नाही.
कोणी म्हणजे कोण, हे विचारायचं नसतं.

एकोणीस मे. सकाळचे सात चाळीस.
इथे ड्वेननं समासात पेन्सिलीनं लिहिलंय: सविस्तर सांगा.
नाही सांगणार.
एवढंच, की त्याच्या हातात पतंगासारखं काहीतरी होतं,
पतंग नसेलही,
आणि माझा पाय ज्या पेडलवर असायला हवा
त्याच पेडलवर होता. नियमाप्रमाणे.
ताफा वेळेवर पोचला म्हणून आम्हा सगळ्यांना
प्रशस्तिपत्र मिळालं.
सोबत जोडलं आहे. जोडपत्र क.

वीस मेला मी किल्ली सार्जंटच्या टेबलावर ठेवली.
उचल, म्हणाला.
तीनदा म्हणाला, आणि दर वेळी त्याचा आवाज
जरासा खाली आला,
हे मात्र त्याच्या अहवालात नाही.
बाकी अहवालात आहे ते सगळं खरं.
शेरा: ‘सन्मानाव्यतिरिक्त इतर.’

इतर.
फॉर्मात अगदी शेवटी असतो तो रकाना,
कुठेच न बसणाऱ्यांना बसवायचा.

वडील गावात सांगायचे, पोरीला लवकर सोडलं.
खोटं नव्हतं.
नोव्हेंबरात सैनिकांना फुकट नाश्ता असतो हॉलमध्ये,
मी मागच्या दारानं जाते, तवे घासते.
मला कोणी ये म्हणत नाही, जा म्हणत नाही.

सतरा वर्षं झाली, शाळेची बस चालवते.
अकरा नंबर. मक्याच्या शेतांमधून बावीस थांबे.
थांब्यावर दांडा ओढला की डाव्या अंगानं
लाल पाटी बाहेर येते
आणि रस्ता दोन्हीकडून जागच्या जागी उभा राहतो:
गुरांचे ट्रक, शेरीफ, दुधाचा टँकर, देवाच्या घाईतला पाद्री.
गेल्या ऑक्टोबरात समोरून लष्कराचे नऊ ट्रक आले,
वरातीसारखे, एकामागे एक.
नऊच्या नऊ थांबले.
आणि एमेट, दुसरीतला, रस्त्याच्या बरोब्बर मधोमध
बुटाची नाडी बांधायला बसला.
एक झाली. मग त्याला वाटलं, दुसरीही बांधावी.
पहिल्या ट्रकमधल्या मुलीनं घड्याळ पाहिलं,
मग माझ्याकडे पाहिलं.
मी पाटी आत घेतली नाही.
त्यानं गाठ सोडून पुन्हा मारली, तरी घेतली नाही.

ड्वेन म्हणतो, मंडळाला तुमच्या बसशी काय देणंघेणं?
तिघं बसतात टेबलामागे, फाईलमागे बारा मिनिटं.
उपचार चालू असल्याचा दाखला जोडा,
वयाचं लिहा, एकवीस म्हणजे पोरच,
पश्चात्ताप हा शब्द कुठेतरी येऊ द्या.

येऊ दिलाय, तिसऱ्या ओळीत.
पण महोदय, तो वीस तारखेचा नाही.
वीस तारखेला मी काय केलं ते मला पाठ आहे
आणि रात्री त्यावर मला झोप लागते.
शेरा बदलणं नियमात बसत नसेल
तर निदान तारीख दुरुस्त करा:
तो कागद एकोणीसला लावा,
आणि जोडपत्र क वीसला.

जागा संपली.
सही: जोलीन ह्रुस्का.
निळ्या शाईत आहे, माफ करा.
काळं पेन बसमध्ये राहिलं.