भट्टीत वाकताना

पहाटे साडेचारला तळघरातून आवाज येतो:
थप्‌.
मग थोडं थांबून, थप्‌.
ओल्या कणकेचा, तापल्या मातीवर.
कुतइसीत, रिओनी नदीच्या या काठावर
आमच्या पाचमजली इमारतीला
कोंबडा नाही, नाझिब्रोला आहे.

त्या हिवाळ्यात मी उठत नव्हतो.
कारखान्याला कुलूप लागून सात महिने झालेले,
बायको बातुमीला, बहिणीकडे.
ती परत येईल असं आम्ही दोघंही म्हणायचो
फोनवर, आळीपाळीने.
मी छताकडे बघत थप्‌ मोजायचो.
एकशे चाळीस झाले की उजाडायचं.
बाकी मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
आवाज आला नाही.

पाच वाजले. सव्वापाच.
इतकं शांत, की स्वयंपाकघरातला नळ ठिबकताना ऐकू आला,
जो मी नोव्हेंबरपासून दुरुस्त करणार होतो.
पायजम्यावरच कोट चढवला
आणि जिना उतरलो.
काळजीने म्हणावं तर तसं नाही,
हिशेब चुकल्याच्या चिडीने.

खाली भट्टी रसरसलेली,
कणीक फुगून परातीबाहेर आलेली,
आणि नाझिब्रोला पिठाच्या पोत्यावर,
उजवा हात मांडीवर ठेवून, परक्याचा असल्यासारखा.
बर्फावरून घसरली होती. मनगट सुजून वांग्याएवढं.
"दवाखाना नऊला उघडतो," ती म्हणाली,
"माणसं सहाला येतात.
हात धू."

मी म्हणालो, मला येत नाही.
"मी विचारलं का?"

आमची भट्टी, तोने, म्हणजे मातीचा भलाथोरला रांजण,
तळाशी निखारे.
पाव लावायचा तर कमरेपासून आत झुकायचं,
पाय जवळजवळ सुटतात जमिनीवरून.
भिंतीवर मिठाच्या पाण्याचा शिपका,
मग कणीक, होडीसारखी ताणून,
एका फटक्यात.
"घाबरत लावलास तर पडतो. रागाने लावलास तर फाटतो."
आणि प्रेमाने लावला तर?
"ते मला माहीत नाही. पीठ लाव हाताला."

पहिला निखाऱ्यांत गेला.
दुसराही.
माझ्याच भुवया जळाल्याचा वास आला मला.
तिसऱ्याच्या वेळी तिने डाव्या हाताने
माझा पायजमा कमरेशी गच्च धरला, मागून,
आणि म्हणाली, "पड आता. धरलंय."

मी पडलो.
म्हणजे वाकलोच, पण डोळे मिटून,
तोंडावर ती धग,
आणि मागे एक मूठ, पासष्ट वर्षांची,
न सोडणारी.
किती दिवसांत कुणी धरलं नव्हतं.

थप्‌.

राहिला.
वेडावाकडा, एका बाजूचं टोकच नसलेला,
पण भिंतीला धरून राहिला.
मी बघत राहिलो, इतका वेळ,
की ती ओरडली,
"फोटो काढतोस का त्याचा? पुढचा घे!"

सहाला बसचालक गोदेर्झी आला.
पाव उलटसुलट करून पाहिला. "हा काय, बूट?"
आणि दोन घेतले.

मनगटाचं प्लास्टर निघालं एप्रिलमध्ये.
मी तरी जातो खाली, अजून,
पगार म्हणजे रोजचे चार पाव आणि शिव्या.
कारखान्याचं कुलूप गंजतंय.
बातुमीचा फोन कधी येतो, कधी नाही.
हे सगळं तसंच आहे, उगाच खोटं कशाला सांगू.

फक्त परवा जिन्यात लामारा भेटली,
चौथ्या मजल्यावरची, ऐंशी पार केलेली,
भिंतीला हात लावत उतरत होती.
म्हणाली, "तुझा थप्‌ वेगळा येतो रे,
तिच्याहून जरा उशिरा.
मी पडल्या पडल्या ओळखते.
तो आला की मग उठते."

मला काय बोलावं सुचलं नाही.
तिची पिशवी घेतली, खालपर्यंत पोचवली.

त्या रात्री नळ उघडून बसलो.
वायसर बदलला, दोनदा.
अजून ठिबकतो.
पण आता, झोपताना, मोजावा लागत नाही.